माग

थंडीत पहाटे सासवडच्या माळावर माग काढत हिंडायचा मला नाद. दवानं फुफाटा बसलेला असतो, ठसा कोरल्यासारखा उठतो. बिबट्याच्या ठशात नखं दिसत नाहीत, लांडग्याच्या दिसतात. कुत्र्याचीही दिसतात, पण कुत्रं वाकडंतिकडं रमतगमत जातं, लांडगा दोरी धरल्यागत सरळ. जनावर क्वचितच दिसतं. माझं मागावरच भागतं.

एका पौषात ओढ्याच्या दरडीत घळ सापडली. तोंडाशी बारक्या पावलांची नुसती गर्दी! तीन दिवस मी हवेत.

चौथ्या दिवशी वाड्यावरच्या धनगर आबांनी विचारलं, "मास्तर, रोज हिंडता तुम्ही. कुठं बसतंय ते? दोन कोकरं नेली माझी."

"नाही बा दिसलं."

सांगितलं असतं तर घळीत धूर कोंडला असता, हे खरं. लांडग्यामागं कायदा आहे, हेही खरं. पण कोकरं माझी नव्हती. माझा पगार एक तारखेला होतच होता. पिल्लं वाचवली ती आबांच्या खर्चानं, त्यांना न विचारता. भरपाईचा अर्ज भरून द्यायचं सुचलं ते आठवड्यानं. तोवर पंचनाम्याला हाडूकही उरलं नव्हतं.

तरी आबांनी अंगठा उठवला. मग माझ्या चपलांकडं बघत म्हणाले, "दरडीची माती दिसतीया, मास्तर."