चार वर्षांचे मौन आणि तीन दिवसांची मर्यादा



अन्याय म्हटला की उगारलेला हात किंवा शिवी आपल्या नजरेसमोर येते. परंतु एक अन्याय असाही आहे, ज्यात हात उगारला जात नाही आणि शब्दही उच्चारला जात नाही. समोरचा माणूस जणू तेथे नाहीच, असे धरून सारे वागतात. आज त्या अन्यायाचा विचार करू या.

अमेरिकेत हडसन नदीच्या काठी वेस्ट पॉइंट ही लष्करी अधिकारी घडविणारी अकादमी आहे. गुलामगिरी कायद्याने संपल्यानंतर १८७० मध्ये जेम्स वेब्स्टर स्मिथ हा पहिला कृष्णवर्णीय छात्र तेथे दाखल झाला. चार वर्षे छळ सोसल्यानंतर १८७४ मध्ये त्याला परीक्षेतील अपयशाचे कारण देऊन काढून टाकण्यात आले. १८८० च्या एप्रिलमध्ये जॉन्सन व्हिटेकर हा छात्र आपल्या खोलीत हातपाय बांधलेल्या, रक्ताळलेल्या अवस्थेत सापडला. त्याच्या कानांवर जखमा होत्या. बुरखाधारी हल्लेखोर रात्री खोलीत शिरले, असे त्याने सांगितले. अधिकाऱ्यांनी मात्र निष्कर्ष काढला की, हे सारे त्याने स्वतःच केले! लष्करी न्यायालयाने त्यालाच दोषी ठरविले. पुढे राष्ट्राध्यक्षांनी तो निकाल रद्द केला, तरी १८८२ मध्ये परीक्षेचे निमित्त करून त्याला बाहेर काढलेच. त्याला अधिकारीपद मिळाले १९९५ मध्ये, मृत्यूनंतर तब्बल ६४ वर्षांनी.

हे सर्व सोसूनही काही जण टिकले. गुलामीत जन्मलेले हेन्री फ्लिपर १८७७ मध्ये अकादमीचे पहिले कृष्णवर्णीय पदवीधर झाले. १८८९ मध्ये चार्ल्स यंग उत्तीर्ण झाले. त्यानंतर मात्र ४७ वर्षे एकाही कृष्णवर्णीय छात्राला ती पदवी मिळाली नाही.

१९३२ मध्ये बेंजामिन डेव्हिस हा तरुण तेथे आला. त्याला कोणी बांधले नाही, मारले नाही. त्याच्याशी बोलणे तेवढे बंद केले. चार वर्षे त्याच्या खोलीत दुसरा छात्र राहिला नाही. जेवणाच्या मेजावर त्याच्याशी कोणी शब्द बोलत नसे. कर्तव्यापुरती आज्ञा आणि तिचे उत्तर, एवढाच त्याचा संवाद. असे मौन ही त्या अकादमीत सचोटीचा नियम मोडणाऱ्या छात्राला सहाध्यायी देत असलेली शिक्षा होती. डेव्हिसने कोणता नियम मोडला होता? त्याच्या त्वचेचा रंग वेगळा होता, इतकेच.

वाचकहो, येथे हजरत कअब बिन मालिक (रजि.) यांचे स्मरण होईल. तबूकच्या मोहिमेत ते मागे राहिले, तेव्हा त्यांच्याशीही पन्नास दिवस संभाषण बंद होते. परंतु ते एका कृत्यासाठी होते, आणि तौबा स्वीकारली जाताच तो बंद दरवाजा उघडला. कृत्याची तौबा करता येते. अल्लाहने दिलेल्या रंगाची तौबा माणसाने कशी करावी? ज्याला तौबेचा मार्गच नाही, अशी शिक्षा देणारा मनुष्य वस्तुतः निर्मात्याच्या निर्मितीतच दोष काढीत असतो.

पवित्र कुरआन तर वंश आणि भाषा-वर्णांच्या भिन्नतेला अल्लाहची निशाणी म्हणतो आणि श्रेष्ठत्वाची एकच कसोटी सांगतो, ती म्हणजे तकवा. पैगंबर मुहम्मद (सल्ल.) यांनी तर दोन भावांमध्ये खराखुरा तंटा झाला तरी अबोल्याला तीन दिवसांची मर्यादा घातली, आणि जो आधी सलाम करील त्याला श्रेष्ठ ठरविले. तंटा असताना तीन दिवस. तेथे तंटा नसताना चार वर्षे!

आता मदीनेकडे पाहा. पैगंबरांनी (सल्ल.) आपल्या अखेरच्या दिवसांत सैन्याचे नेतृत्व हजरत उसामा बिन जैद (रजि.) यांच्याकडे सोपविले. वय विशीच्या आसपास, पिता मुक्त केलेले गुलाम, माता उम्मे ऐमन (रजि.) हबशी. काहींनी या नियुक्तीवर आक्षेप घेतला. पैगंबरांनी (सल्ल.) तो ऐकून सोडून दिला नाही. आजारी असतानाही सर्वांसमोर त्यांनी उसामांची योग्यता सांगितली. पुढे खलीफा हजरत अबू बक्र (रजि.) त्या सैन्याला निरोप देताना पायी चालत होते आणि तरुण सेनापती स्वार होता. नेमणूक करणे हे न्यायाचे अर्धे काम. नेमलेल्याच्या बाजूने उघडपणे उभे राहणे हे उरलेले अर्धे. वेस्ट पॉइंटने डेव्हिसला प्रवेश दिला, पण त्याच्या बाजूने कोणी उभे राहिले नाही. तेथील सर्वच तरुण क्रूर होते असे मानण्याचे कारण नाही. बहुतेकांनी रिवाज पाळला असेल. पण जुलूम तगतो तो अशा रिवाज पाळणाऱ्यांच्याच आधारावर.

डेव्हिस १९३६ मध्ये २७६ जणांत ३५ वे आले. दुसऱ्या महायुद्धात त्यांनी कृष्णवर्णीय वैमानिकांच्या पथकाचे नेतृत्व केले आणि १९५४ मध्ये ते अमेरिकी हवाई दलातील पहिले कृष्णवर्णीय जनरल झाले. ज्या अकादमीत त्यांच्यासोबत खोलीत राहायला कोणी तयार नव्हते, तेथील छात्रांच्या एका निवासी इमारतीला आज त्यांचेच नाव आहे. मात्र त्या चार वर्षांतील एकही दिवस त्यांना कोणी परत देऊ शकले नाही.

बंधू-भगिनींनो, दूरच्या देशाला दोष देणे सोपे आहे. नमाजमध्ये आपण खांद्याला खांदा लावून उभे राहतो; सलाम फिरवल्यानंतर काय करतो? मुलीचा रंग सावळा म्हणून स्थळ नाकारतो. बिरादरी विचारून दस्तरख्वानवर जागा ठरवतो. हे आपल्या घरातील वेस्ट पॉइंट नव्हे काय? आज रात्री आपल्या मुलांना एक प्रश्न विचारा: तुमच्या वर्गात एकट्याने डबा खाणारा कोण आहे? आणि उद्या त्याच्या शेजारी बसायला त्यांना सांगा. मुलांना सांगण्यापूर्वी आपण ज्याला टाळतो, त्याला स्वतः पहिला सलाम करा.

अल्लाह तआला आपली अंतःकरणे जाहिलियतच्या अहंकारापासून शुद्ध करो आणि एकाकी पडलेल्यांच्या शेजारी बसण्याची आपणांस तौफीक देवो. आमीन.