गांधारीची पट्टी

जवळच्या माणसाचें दुःख डोळ्यांपुढें असतां आपण सुखी होणें हें पाप आहे काय? असा प्रश्न उघडपणें कोणी विचारीत नाहीं. परंतु ज्या घरांत पति किंवा पत्नी दीर्घ आजारानें अंथरुणास खिळली आहे, त्या घरांत तो रोज सकाळीं चहाच्या पहिल्या घोटाबरोबर उभा राहतो. चहा चांगला झाला आहे हें जिभेला कळतें, आणि त्याच क्षणीं मन तिला दटावतें : आंतल्या खोलींत एक जीव पाण्याच्या घोटालाही भितो आहे, आणि तुला चव कळते तरी कशी? ह्या दटावणींत नीति किती आणि नुसती रूढि किती, ह्याचा थोडा विचार येथें करावयाचा आहे.

प्रश्न जुना असला, तरी कर्करोगानें त्याला नवें रूप दिलें आहे. पूर्वीचे भयंकर आजार बहुधा लवकर निकाल लावीत. पटकीचा रोगी एकदोन दिवसांत इकडे किंवा तिकडे होई. विषमज्वराची मुदत तीन-चार आठवड्यांची असे. तेवढे दिवस घरच्यांनीं गोडधोड वर्ज्य करावें, सण पुढें ढकलावा, हंसणें-बोलणें आवरून धरावें, हें स्वाभाविकच होतें. श्वास रोखून काढण्याजोगा तो काळ होता. कर्करोगाचा उपचार तसा काढतां येत नाहीं. आधीं शस्त्रक्रिया, मग बहुधा दर तीन आठवड्यांनीं एक, अशा केमोथेरपीच्या पुष्कळदां सहा-आठ फेऱ्या, मग आठवड्यांतून पांच दिवस ह्याप्रमाणें कित्येक आठवडे किरणोपचार, आणि स्तनाच्या कर्करोगाच्या कांहीं प्रकारांत त्यापुढें पांच ते दहा वर्षें रोजची गोळी. ज्याला आपण संकट म्हणून सामोरे गेलों, तें पाहतां पाहतां घराचें ऋतुमान होऊन बसतें. एका वादळापुरते केलेले नियम साऱ्या ऋतूला लावले, तर माणसें टिकावींत कशीं?

सोलापूरकरांस हें ऋतुमान अपरिचित नाहीं. शहरापासून सुमारें ७० किलोमीटरवर बार्शीस नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालय आहे. ग्रामीण भागांतील कर्करोगाची पद्धतशीर नोंद ठेवण्याचें हिंदुस्थानांतील पहिलें काम १९८७ सालीं बार्शीसच सुरू झालें. शेजारच्या उस्मानाबाद, म्हणजे आतांच्या धाराशिव, जिल्ह्यांत १,३१,७४६ स्त्रियांना घेऊन एक मोठी पाहणी ह्याच रुग्णालयाच्या साह्यानें झाली. गर्भाशयमुखाच्या कर्करोगासाठीं एचपीव्ही विषाणूची तपासणी एकदांच केली, तरी त्या रोगानें होणारे मृत्यु जवळजवळ निम्मे होतात, असा तिचा निष्कर्ष २००९ सालीं प्रसिद्ध झाला. रोग वेळेवर सांपडूं लागला म्हणजे रोगी अधिक वर्षें जगूं लागतो. आणि तीं वर्षें कशीं जगावींत, हा प्रश्न मग डॉक्टरांच्या हातून निसटून घराच्या पदरीं पडतो.

ज्या अभिनेत्रीचें नांव ह्या रुग्णालयास दिलें आहे, ती ३ मे १९८१ रोजीं कर्करोगाच्या आजारांत वारली. तिच्या उपचारांसाठीं तिचे पति सुनील दत्त न्यूयॉर्कपर्यंत धांवले, आणि तिच्या मागें त्यांनीं तिच्याच नांवानें अशा रोग्यांच्या साह्यार्थ संस्था काढली. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयाची कथाही ह्याच जातीची आहे. लेडी मेहेरबाई टाटा १९३१ सालीं रक्ताच्या कर्करोगानें गेल्या. सर दोराबजींनीं १९३२ सालीं त्यांच्या स्मरणार्थ ह्या रोगाच्या संशोधनासाठीं निधि ठेविला व त्याच वर्षीं आपणही देह ठेविला. पुढें त्यांच्या विश्वस्त निधीनें उभारलेलें रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ रोजीं उघडलें. म्हणजे बार्शीच्या एस.टी.नें किंवा रात्रीच्या सिद्धेश्वर एक्स्प्रेसनें आपल्याकडील माणसें ज्या दोन दारांत जाऊन उभीं राहतात, त्या दोहोंच्या मागें पत्नीच्या आजारानें व्याकुळ झालेला एकेक पति आहे. मृत्यूनंतर प्रेम काय करूं शकतें, ह्याचीं हीं उदाहरणें थोर आहेत. पण आजारी माणूस जिवंत आहे, दुपार लांब आहे आणि पुढची फेरी अठरा दिवसांवर आहे, अशा वेळीं प्रेमानें काय करावें, हें त्यांवरून कळत नाहीं.

आमच्या समाजाचें ह्यावरचें उत्तर ठरलेलें आहे : त्याग. सिद्धरामेश्वराला, पंढरीच्या विठोबाला, तुळजापूरच्या भवानीला नवस बोलावयाचा आणि आवडीची वस्तु सोडावयाची. पत्नी साखर सोडते, केसांत फूल माळणें सोडते; पति संध्याकाळचें फिरणें सोडतो, मित्रांची बैठक सोडतो. ह्या त्यागाला हंसण्याचें कारण नाहीं. त्यांत एक सत्य आहे. ज्याच्याबरोबर आयुष्याची भाकरी वांटून खाल्ली, त्याच्या ताटांत दुःख आणि आपल्या ताटांत सुख ही वांटणी प्रेमाला सहन होत नाहीं. ‘तूं एकटी नाहींस’ हें वाक्य शब्दांनीं पुरतें सांगतां येत नाहीं, म्हणून माणूस तें सोडलेल्या वस्तूंनीं सांगूं पाहतो.

ह्या वृत्तीचें सर्वांत उदात्त चित्र महाभारताच्या आदिपर्वांत आहे. आपला वाग्दत्त पति आंधळा आहे हें कळतांच गांधारीनें अनेक पदरी वस्त्र घेऊन आपले डोळे बांधले. पतीहून आपणांस अधिक कांहीं असूं नये, हा तिचा हेतु. त्या निश्चयापुढें आपलें मस्तक नम्र होतें, आणि तें योग्यच आहे. तथापि तिची थोरवी मान्य करूनही एक गोष्ट विचारावीशी वाटते. ह्या त्यागानें धृतराष्ट्राला काय मिळालें? आंधळ्याला आंधळ्याची सोबत मिळाली. डोळे मिळाले नाहींत. दुर्योधनाच्या चेहऱ्यावर काय उमटत आहे, हें बापाला सांगूं शकेल असें जें एक माणूस अत्यंत जवळ होतें, त्यानेंच डोळे मिटून घेतले. शेवटीं कुरुक्षेत्रावर काय चाललें आहे तें पाहून सांगावयास संजय लागला.

रोग्याच्या बाजूनें पाहिलें, तर हा मुद्दा अधिकच स्पष्ट होतो. केमोथेरपीच्या काळांत रोग्याचें जग चहूंबाजूंनीं आकसतें. जिभेवर लोखंडासारखी चव राहते, फोडणीचा वास आला कीं पोटांत ढवळतें, तोंड येतें, रक्तांतील पांढऱ्या पेशी घटल्या म्हणजे गर्दीची आणि येणाऱ्याजाणाऱ्यांचीही भीति. अशा वेळीं बाहेरचें जग तिच्यापर्यंत पोहोंचण्याची वाट म्हणजे शुश्रूषा करणारें माणूस. तेंही सारें सोडून तिच्या उशाशीं खिन्न होऊन बसलें, तर शेवटची खिडकी लागली. शिवाय सोडलेली प्रत्येक वस्तु ही तिच्या नांवावर मांडलेली उधारी असते. ‘माझ्यामुळें ह्यांचें फिरणें गेलें, माझ्यामुळें मुलांची दिवाळी गेली’ हा हिशेब ती पडल्या पडल्या करीत असते. देहाच्या वेदनेवर औषध मिळतें. ह्या ऋणाच्या वेदनेवर मिळत नाहीं, कारण ती देणारा हात प्रेमाचा असतो.

मग ह्याउलट आदर्श कोणता? तोही महाभारतांतच, वनपर्वांत आहे. सत्यवानाचें आयुष्य एकच वर्ष उरलें आहे हें नारदानें सांगितलेलें. ती तिथि उगवलेली. सावित्रीचें तीन रात्रींचें कडक व्रत नुकतेंच पुरें झालेलें. त्या दिवशीं ती पतीबरोबर वनांत जाण्याची परवानगी मागते, आणि कारण सांगते तें असें कीं, जवळजवळ वर्षभर आश्रमाबाहेर पाऊल पडलें नाहीं, फुललेलें वन पाहण्याची मोठी उत्कंठा आहे. हें केवळ निमित्त होतें असें कोणी म्हणेल, आणि तें बव्हंशीं खरें आहे. परंतु पुढें काय घडतें तें पहावें. सत्यवान तिला वाटेंतल्या नद्या आणि बहरलेले वृक्ष हौसेनें दाखवितो. ती हंसतमुखानें पाहते. काळीज आंतून जळत असतें. व्यासांनीं म्हटलें आहे कीं, जणूं हृदयाचे दोन भाग करून ती चालत होती. एक भाग त्या घटकेची वाट पाहत होता. दोघें मिळून फळें तोडतात. लांकडें फोडण्याचें काम आणि तें दुखणें त्यानंतर येतें.

माझ्या मतें शुश्रूषेच्या नीतीचें सार ह्या दुभंगलेल्या हृदयांत आहे. आपण समजतों कीं, मन एकच असल्यामुळें त्यांत एका वेळीं दुःख तरी मावेल किंवा सुख तरी. व्यासांस तसें वाटलें नाहीं. फुललेलें झाड पाहून बरें वाटणें आणि पुढची घटका ठाऊक असणें हीं दोन्ही एकाच हृदयांत एकाच वेळीं नांदूं शकतात. आणि ज्याला तीं नांदवितां येतात, त्याच्याच सोबतीला खऱ्या अर्थानें सोबत म्हणावें. सावित्रीनें डोळे बांधले नाहींत, म्हणूनच सत्यवानाला आपलें वन कोणाला तरी दाखवितां आलें. रोग्याला कांहीं देतां येणें, दाखवितां येणें, त्याच्या बोलण्यावर कोणी मनापासून हंसणें, हा त्याचा उरलेला अधिकार आहे, आणि सुखाला पारखें झालेलें माणूस तो अधिकार हिरावून घेतें.

अर्थात् वाटेल तें सुख ह्यांत बसत नाहीं. दोन सुखांतला भेद ओळखण्यास एक साधी कसोटी पुरे : जें सुख रोग्याच्या उशाशीं बसून सांगतां येईल, तें निर्मळ. संक्रांतीला सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा भरते. आजारी पत्नीला त्या गर्दींत नेतां येत नाहीं. पतीनें तासभर जाऊन यावें काय? नंदीध्वज कसे आले, कोणता तोल जातां जातां सांवरला, कोणत्या ओळखीच्या मुलानें ह्या वर्षीं पहिल्यांदा खांदा दिला, हें परत येऊन तिला सांगावयाचें असेल, तर अवश्य जावें. घरापासून, तिच्यापासून आणि स्वतःपासून पळ काढण्यासाठीं जावयाचें असेल, तर जत्रा तीच असली तरी सुख तें नव्हे. पण ह्या कसोटीला विवेकाची जोड हवी. तोंड आलेल्या माणसापुढें शेंगांच्या चटणीशीं कडक भाकरी खाणें हा दुष्टपणा होईल. तीच भाकरी स्वयंपाकघरांत बसून चवीनें खाण्यांत लपविण्यासारखें कांहीं नाहीं. न दाखविणें वेगळें आणि चोरणें वेगळें.

आणि ह्या उपचारांत प्रतीक्षा किती असते! किरणोपचाराचें यंत्र चालतें थोडींशीं मिनिटें. त्यासाठीं जाणें-येणें आणि बांकावर बसणें ह्यांत अर्धा दिवस जातो. मुंबईस दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेंत उतरणाऱ्या परगांवच्या रोग्यांचें व नातलगांचें आयुष्य कित्येक आठवडे ह्या प्रतीक्षेंतच जातें. ह्या वेळाचें काय करावयाचें? त्याला केवळ उपचाराची किंमत मानलें, तर तो वांयां गेला. पण लग्नाला वीस वर्षें झालेल्या जोडप्याला एकमेकांशेजारीं, कांहींही न करतां, इतके तास बसावयास पूर्वीं कधीं मिळालें होतें? गिरणी, कचेरी, शाळा, स्वयंपाक ह्यांनीं जें एकत्र बसणें कधीं होऊं दिलें नाहीं, तें आजारानें बळेंच करविलें. हें भाग्य नव्हे. आजाराला भाग्य म्हणणें हा ढोंगीपणा होईल. परंतु हातीं आलेलें सोडून देणें हाही शहाणपणा नव्हे.

येथें दोन आक्षेप येतील. पहिला असा कीं, ह्यांतून खोट्या हंसण्याला उत्तेजन मिळेल. तें मिळूं नये. ‘आनंदी राहा म्हणजे रोग पळेल’ असें रोग्याला सांगणें क्रूरपणाचें आहे, कारण मग रोग न पळाल्यास दोषही त्याच्याच माथीं येतो. मी ज्या सुखाविषयीं बोलत आहें, तें औषध नव्हे. त्यानें गांठ विरघळत नाहीं. ज्या दिवशीं हंसूं येत नाहीं, त्या दिवशीं रडावें, तेंही बरोबर बसून. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. सुखाची ही मुभा आपल्याकडे बहुधा पुरुषालाच असते. पत्नी आजारी असतां पति चौकांत चहा पिऊन आला, तर लोक म्हणतात, ‘बिचाऱ्याला थोडा विरंगुळा हवाच’. पति आजारी असतां पत्नी शेजारणीकडे घटकाभर हंसून बोलली, तर तेच लोक भुंवया चढवितात. गांधारीची पट्टी आपण फार करून बायकांच्याच डोळ्यांवर बांधली आहे. ज्या बाईला दिवसभर विडी वळून औषधाचे पैसे जमवावयाचे, तिला तर दुपारची अर्धी घटका झोंपही चोरून घ्यावी लागते. तेव्हां ‘शुश्रूषा करणाऱ्यानें सुख घ्यावें’ एवढें म्हणून भागत नाहीं. तिचा तांब्या-डबा घेऊन रुग्णालयांत एक दिवस बसणें, मुलांना आपल्या पंगतीला घेणें, ती फूल माळून दिसली तर चकार शब्द न काढणें, हीं नातलगांचीं व शेजाऱ्यांचीं कर्तव्यें आहेत. दुसऱ्याच्या शोकावर पहारा करण्याचा अधिकार कोणालाही नाहीं.

हुरड्याचे दिवस आले म्हणजे शेतावरून आलेली ज्वारीचीं कोंवळीं कणसें घरांत भाजण्याचा वास येतो. आजारी माणसाला तो त्या दिवशीं सोसेल किंवा सोसणार नाहीं. तें विचारून घ्यावें. सोसत असेल, तर दाणे तिच्या तळहातावर ठेवावे, आणि तिला खातां आले नाहींत तरी तिच्यासमोर आपण खावे. ‘गोड आहे का?’ असें तिनें विचारलें, तर खरें उत्तर द्यावें. गोड असेल, तर ‘गोड आहे’ असें म्हणावें. तिनें तें विचारलें आहे, ह्याचा अर्थच असा कीं, जगांत अजून गोडी आहे कीं नाहीं, हें तिला आपल्याकडून जाणून घ्यावयाचें आहे.