देवाच्या नावावरची जमीन

महाराष्ट्रातील अनेक गावांच्या सातबारा उताऱ्यांवर भोगवटादाराच्या रकान्यात एखाद्या माणसाऐवजी देवाचे नाव असते, आणि त्याखाली वहिवाटदार म्हणून गुरवाचे किंवा पुजाऱ्याचे नाव लिहिलेले आढळते. या दोन नावांतील भेद गावातील व्यवहारात पुष्कळदा पुसट होतो. पिढ्यानपिढ्या जमीन कसणारे घराणे तिला आपली म्हणू लागते आणि देवाचे नाव ही केवळ कागदावरची रीत उरते. कायदा मात्र हा भेद गंभीरपणे घेतो. मालकी म्हणजे वस्तूवरील अंतिम हक्क आणि वहिवाट म्हणजे तिचा प्रत्यक्ष ताबा व व्यवस्था, आणि दुसरी कितीही वर्षे चालली तरी ती आपोआप पहिलीत बदलत नाही. मध्य प्रदेशातील देवस्थान जमिनींच्या प्रकरणात 2021 साली सर्वोच्च न्यायालयाने हेच सांगितले, की जमिनीची मालक देवता असून पुजारी हा तिच्या वतीने व्यवस्था पाहणारा सेवक आहे. एवढे मान्य केले तरी मूळ प्रश्न शिल्लक राहतोच, तो असा की देव एखाद्या वस्तूचा मालक होऊ शकतो, या विधानाचा अर्थ काय.

कायद्याच्या परिभाषेत ‘व्यक्ती’ म्हणजे हक्क धारण करू शकणारे आणि कर्तव्यांनी बांधले जाऊ शकणारे एकक होय. त्याला श्वास, शरीर किंवा जाणीव असलीच पाहिजे असे नाही. कंपनी, नगरपालिका, विद्यापीठ यांना अशा अर्थाने ‘विधिक व्यक्ती’ म्हणतात. उलट प्राचीन रोममधील गुलाम हा हाडामांसाचा माणूस असूनही तेथील कायद्याच्या लेखी हक्क धारण करणारी व्यक्ती नव्हता. त्यामुळे मूर्ती ही विधिक व्यक्ती आहे असे न्यायालय म्हणते तेव्हा त्याने ईश्वराचे अस्तित्व सिद्ध केले असे श्रद्धाळूंनी मानण्याचे कारण नाही, आणि न्यायालय अंधश्रद्धेला शरण गेले असा टोमणा मारण्याचे कारण नास्तिकांनाही नाही.

गंमत अशी की देवाच्या मालकीविषयी सर्वांत कठोर शंका घेणारे कोणी पाखंडी नव्हते, तर वेदप्रामाण्य मानणारे मीमांसक होते. जैमिनीच्या सूत्रांच्या नवव्या अध्यायात देवतेविषयीचा विचार आला आहे. देवतेला शरीर असते, ती हवी खाते, द्रव्याची मालक असते आणि प्रसन्न होऊन फळ देते, हा तेथील पूर्वपक्ष, म्हणजे खंडनासाठी आधी मांडलेले मत. भाष्यकार शबर हा पक्ष नाकारतो. जो एखाद्या वस्तूचा आपल्या इच्छेप्रमाणे विनियोग करू शकतो त्याचीच ती वस्तू, असा त्याचा निकष आहे. देवता गावाचा किंवा शेताचा असा विनियोग करताना दिसत नाही, म्हणून देवाचे गाव, देवाचे शेत हे बोलणे त्याच्या मते केवळ उपचाराचे, म्हणजे लाक्षणिक आहे. देवतेला उद्देशून जे सोडले जाते त्यावर तिच्या परिचारकांचा निर्वाह होतो, एवढेच तो मान्य करतो. धर्मशास्त्रातील दानाची कल्पनाही याच दिशेने जाते. दान पूर्ण होण्यास घेणाऱ्याचा स्वीकार लागतो आणि मूर्तीकडून तो मिळत नाही. म्हणून देवाला अर्पण करणे हे काटेकोर अर्थाने दान नसून उत्सर्ग होय, म्हणजे समोर स्वीकारणारा नसतानाही आपली मालकी सोडून देणे. येथे एक पेच उभा राहतो. दात्याची मालकी संपली आणि देवाची मुख्यार्थाने सुरू झाली नाही, तर मधल्या पोकळीतील वस्तू जो उचलील त्याची व्हायला हवी. मनुस्मृती देवस्व, म्हणजे देवाचे धन, लुबाडणाऱ्याला परलोकातील दुर्गतीचे भय घालते, पण परलोकाच्या भयावर जमाखर्चाची वही चालत नाही.

भक्तांनी हा पेच कधी मानला नाही. प्राणप्रतिष्ठेनंतर मूर्तीत देव साक्षात वास करतो, पहाटे काकडआरतीने उठतो, दुपारी नैवेद्य घेतो आणि शेजारतीनंतर निजतो, अशी ज्यांची धारणा आहे त्यांना देवाची मालकी लाक्षणिक वाटणे शक्य नव्हते. या दोन दृष्टींमधून वाट काढण्याचे काम एकोणिसाव्या शतकात मुंबईच्या उच्च न्यायालयाकडे आले. गुजरातमधील डाकोर येथील रणछोडरायाचे मंदिर अठराव्या शतकात तांबेकर या मराठी घराण्याने बांधले होते, आणि तेथे भक्तांनी वाहिलेले द्रव्य आपलेच आहे असा तेथील सेवकांचा दावा होता. 1887 साली न्यायमूर्ती वेस्ट व बर्डवुड यांनी तो फेटाळला. देवतेला वाहिलेले द्रव्य ही एका स्वतंत्र विधिक अस्तित्वाची मत्ता आहे आणि ते स्वीकारणारे सेवक विश्वस्तासारखे हिशेबास बांधील आहेत, असे त्यांनी ठरवले. विश्वस्त म्हणजे दुसऱ्याच्या हितासाठी मालमत्ता सांभाळणारा, जो तिचा उपयोग स्वतःच्या फायद्यासाठी करू शकत नाही. देवाला मालक म्हणण्याचा खरा उपयोग कोणता, हे या निकालात स्वच्छ दिसते, कारण देवाला काही मिळवून देण्यापेक्षा माणसाला घेण्यापासून रोखणे हे त्या शब्दाचे काम आहे.

मग व्यक्तित्व नेमके कशाला मिळाले, दगडाला की परमेश्वराला? कोणालाच नाही, असे उत्तर पुढील निकालांतून हळूहळू घडत गेले. देवतेच्या उत्पन्नावर आयकर लागतो काय, या प्रश्नावर 1969 साली सर्वोच्च न्यायालयाने होकार दिला, तेव्हा सर्वव्यापी ईश्वर निराळा आणि दात्याच्या धर्महेतूची मूर्त खूण असलेली देवता निराळी, असा भेद केला. मालमत्ता त्या हेतूला बांधलेली आहे. मूर्ती भंगली, हरवली किंवा नवी बसवली तरी हेतू टिकतो आणि त्याबरोबर व्यक्तित्वही टिकते. शबराचा आक्षेप येथे खोडला गेलेला नाही, उलट तो पचवून पुढे जाता आले आहे. देवतेची मालकी उपचाराची हे मान्य करून त्या उपचारालाच कायद्याने दात दिले. निरीश्वरवादी मीमांसकाला पटेल असा तोडगा इंग्रज न्यायाधीशांच्या हातून निघावा, यात इतिहासाचा थोडा खट्याळपणा आहे.

याच ओघात ‘अज्ञान’ हा शब्द भेटतो आणि भाविकाला खटकतो. कायद्यात अज्ञान म्हणजे वयाची अठरा वर्षे पूर्ण न झालेली, म्हणून स्वतःचे व्यवहार स्वतः करू न शकणारी व्यक्ती. देव स्वतः न्यायालयात उभा राहू शकत नाही, या एवढ्याच साम्यावरून त्याला अज्ञानासारखे मानले जाते. त्याचा त्याच्या सर्वज्ञतेशी संबंध नाही. हे साम्य ताणायचेही नसते. देव कायमचा अज्ञान असल्यामुळे त्याला दाव्याच्या मुदतीचे बंधन नाही, हा युक्तिवाद अयोध्या प्रकरणाच्या 2019 च्या निकालात नाकारला गेला.

अज्ञानाच्या वतीने दावा चालवणाऱ्याला वादमित्र म्हणतात, आणि सगळ्या विषयाचा कठीण भाग येथेच आहे. कलकत्त्याच्या मलिक घराण्यात कुलदेवतेच्या पूजेच्या पाळ्या ठरलेल्या होत्या. आपल्या पाळीच्या काळात मूर्ती स्वतःच्या घरी नेण्याचा हक्क एकाने सांगितला आणि इतरांनी विरोध केला. 1925 साली प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे त्या काळच्या सर्वोच्च अपील न्यायपीठाने, मूर्ती ही हलवाहलव करण्याची चीजवस्तू नाही, तिच्या निवासाविषयी तिची स्वतःची इच्छा विचारात घेतली पाहिजे, असे म्हटले आणि ती मांडण्यासाठी भांडणात स्वार्थ नसलेला वादमित्र न्यायालयाने नेमावा असा आदेश दिला. मूर्तीच्या ‘इच्छे’ची भाषा तत्त्वज्ञानाच्या कसोटीवर डळमळीत आहे, कारण हेतूला इच्छा नसते. त्या आदेशातील निःस्वार्थाची अट मात्र भक्कम आहे. देवाच्या नावाने बोलण्याचा अधिकार सांगणारे सगळेच त्या मालमत्तेशी कोणत्या ना कोणत्या लाभाने जोडलेले असतात, हे त्या न्यायाधीशांनी नेमके ओळखले.

व्यक्तित्व हेतूपासून तुटले की काय होते, हे 2017 साली दिसले. उत्तराखंडच्या उच्च न्यायालयाने गंगा व यमुना यांना जिवंत व्यक्तीचा दर्जा दिला, तेव्हा पुराने झालेल्या नुकसानीची भरपाई कोणाकडे मागायची, असा प्रश्न राज्य सरकारने उपस्थित केला आणि सर्वोच्च न्यायालयाने त्या आदेशाला स्थगिती दिली. अयोध्येच्या निकालातही रामलल्ला विराजमान यांचे विधिक व्यक्तित्व मान्य झाले, पण जन्मस्थानाच्या भूमीचे झाले नाही. भूमीच व्यक्ती ठरली तर तिच्यावरचे इतर सर्वांचे दावे ऐकण्याआधीच संपतात.

व्यवस्थापकच देवाचे धन गिळू लागला तर देवाच्या वतीने कोण उभे राहणार, याचे उत्तर सर्वोच्च न्यायालयाने 1967 साली दिले. अशा वेळी सामान्य उपासकही देवतेसाठी दावा लावू शकतो. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियमात ‘हितसंबंध असलेली व्यक्ती’ अशी संज्ञा आहे, आणि देवळापुरता तिचा अर्थ इतका साधा आहे की तेथे पूजेस किंवा सेवेस उपस्थित राहण्याचा ज्याला हक्क आहे, किंवा जो तसा नेमाने येतो, तो त्या संज्ञेत मोडतो. अशा दोन व्यक्तींना धर्मादाय आयुक्तांची लेखी संमती मिळाली, की विश्वस्तांकडून हिशेब मागणारा दावा त्यांना दाखल करता येतो. त्यासाठी ते घराण्याचे, मानकरी किंवा देणगीदार असण्याची गरज नाही.