माणशी एक ओमर

रानात परमेश्वराने इस्राएल लोकांना मान्ना दिला तो मोजून घ्यावयास सांगितला: माणशी एक ओमर (निर्गम १६). स्वर्गातून आलेले अन्नही मापानेच घ्यायचे होते, हे आपल्या ध्यानात क्वचितच येते. आपल्या मंडळ्यांत मद्यपानाविरुद्ध पुष्कळ उपदेश होतात. ताटाविषयी मात्र आपण मौन पाळतो. पाळकही त्याच पंगतीला असतात ना!

वजन आटोक्यात ठेवू इच्छिणाऱ्याने एक साधी वही ठेवावी. जे खाल्ले ते त्याच वेळी लिहावे. रात्री आठवून लिहू गेल्यास नेमके फरसाण आणि उपासनेनंतरचा केक विसरतो. चमचाभर साखरेत सुमारे २० कॅलरी असतात. दोन-दोन चमचे साखरेचे चार कप चहा म्हणजे साखरेच्याच १६० कॅलरी झाल्या, आणि चहाला तर आपण खाण्यात धरतच नाही. शेजारी चालण्याची मिनिटे लिहावीत. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्यास किमान १५० मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम सांगते. वजन आठवड्यातून एकदा पाहिले तरी पुरे. शरीरातील पाण्यामुळे ते रोज थोडे खालीवर होतच असते.

ही वही कोणा भगिनीला तिच्या देहावरून टोचण्यासाठी मात्र नव्हे. ज्याची त्याने वाचावी, प्रभूसमोर वाचावी. एखाद्या दिवशी माप चुकले, तर दुसऱ्या दिवशी उपाशी राहून स्वतःस शिक्षा करू नये. शब्बाथ वगळता मान्ना दररोज सकाळी नव्याने पडत असे. इन्शुलिन घेणाऱ्यांनी तर डॉक्टरांना विचारल्यावाचून जेवण कमी करूच नये.