शिक्षक का राहतो?

लखनौच्या ला मार्टिनियर विद्यालयाची भव्य वास्तू पाहताना आमच्या मनात नेहमी एक विचार येतो. क्लॉड मार्टिन 1800 साली निवर्तला आणि त्याच्या मृत्युपत्रातील द्रव्यातून 1845 साली ही शाळा उघडली. इमारत व निधी मृत्युपत्राने देता येतात. शिक्षक देता येत नाहीत. ते प्रत्येक पिढीत शोधावे आणि राखावे लागतात. निवासी शाळेत तर शिक्षक तासापुरता नव्हे, अष्टौप्रहर हवा असतो.

याच शहरात 1926 साली पंडित भातखंडे यांच्या प्रयत्नांनी मॅरिस संगीत महाविद्यालय निघाले. 1928 पासून श्रीकृष्ण नारायण रातंजनकर तेथे प्राचार्य होते. फैयाझखाँसाहेबांचा हा शिष्य मैफिली गाजवीत हिंडू शकला असता. तो जवळजवळ तीन दशके येथे शिकवीत राहिला. बेळगावकडचे कृष्ण गुंडोपंत गिंडे अकराव्या वर्षी त्यांच्याकडे आले आणि घरचेच झाले. पुढे सिंहलद्वीपातून अमरदेवही या संस्थेत शिकावयास आले. रातंजनकरांना येथे कशाने धरून ठेविले असेल? आम्हांस वाटते, ज्या विद्येवर आपली श्रद्धा तीच मनाजोगी शिकविण्याची मोकळीक, आणि ती पेलणारे शिष्य.

मात्र अशी उदाहरणे संस्थाचालकांच्या हाती पडली की भय वाटते. ‘पाहा, त्यांनी पैशाकडे पाहिले नाही!’ असे म्हणून नव्या मास्तरच्या पगारास कात्री लावणे सोपे जाते. शिक्षकाने त्याग करावा, हे त्याचे औदार्य. संस्थेने तो अंदाजपत्रकात जमेस धरावा, ही निव्वळ लूट होय. (आम्हां सरकारी कारकुनांकडून त्यागाची अपेक्षा कोणी करीत नाही, आमची वार्षिक वाढ नियमाने येते!) शिवाय वसतिगृहातील मुलांची दुखणीखुपणी काढणाऱ्या गृहिणीचे नाव त्या जमाखर्चात कोठेच नसते.

पुण्याच्या डेक्कन एज्युकेशन सोसायटीत आजीव सदस्य अल्प वेतनावर राहत. पण त्या व्रताला वीस वर्षांची मुदत होती, आणि कारभारात त्यांचा शब्द चाले. बाहेरच्या मिळकतीवरून तेथे वादळ उठले व 1890 साली टिळक बाहेर पडले, हेही खरे. पण निदान तो वाद समानांचा होता. आजच्या आंतरराष्ट्रीय म्हणविणाऱ्या निवासी शाळा शिक्षकांकडे निष्ठा मागतात. त्यांपैकी किती शाळा त्या निष्ठेला मुदत घालतात, निवृत्तीनंतरच्या घराची तजवीज करतात, वा अभ्यासक्रम ठरविताना शिक्षकास खुर्ची देतात?