देवाचा पलंग



आजचे श्लोक गीतेच्या सहाव्या अध्यायातले, १६ आणि १७. पण त्याआधी एक कबुली द्यायची आहे.

मागच्या आठवड्यात मी दुसऱ्या अध्यायातल्या ६९व्या श्लोकावर लिहिलं होतं. सगळ्या जगाची जेव्हा रात्र असते, तेव्हा संयमी माणूस जागा असतो, तो श्लोक. जोडीला आपल्या सोलापूरच्या डॉ. द्वारकानाथ कोटणीसांचं उदाहरण दिलं होतं. चीनमध्ये युद्धाच्या काळात त्यांनी सलग ७२ तास जखमींवर शस्त्रक्रिया केल्या, असं सांगतात. पोस्ट बऱ्याच जणांना आवडली. मी ती मोठ्या कौतुकाने माझ्या आत्येबहिणीला पाठवली. ती सोलापुरातच नर्सिंग शिकते आणि सध्या तिच्या नाइट चालू आहेत.

दोन दिवस उत्तर नाही. मग फोन आला. "दादा, छान लिहिलंयस. पण तो श्लोक माझ्यासाठी नाहीये रे."

काय झालं होतं? पहाटे चारला ती बीपी घेत फिरत होती आणि एका पेशंटचं रीडिंग शेजारच्या बेडच्या चार्टवर लिहून बसली. सिस्टरच्या लगेच लक्षात आलं, काही बिघडलं नाही. पण ती रडत होती. "मी जागीच होते दादा. डोळे उघडे होते. तरी कळलं नाही."

मी तिला काय सांगणार? माझीही ऑन-कॉल असते. रात्री सर्व्हर पडला तर उठतो, चूक झाली तर रोलबॅक करतो. तिच्याकडे रोलबॅक नाही. शिवाय पहाटे तीन ते पाच शरीराचं तापमान उतरलेलं असतं, लक्ष सगळ्यात कमी असतं. श्रद्धा कितीही असली तरी हे घड्याळ आत चालूच राहतं. त्यात दिवसा लेक्चर, आणि लेक्चर नसेल त्या दिवशी होस्टेलच्या खोलीत सोलापूरचं ऊन. झोपणार कधी?

म्हणून आजचे श्लोक. फार खाणाऱ्याला योग साधत नाही आणि अजिबात न खाणाऱ्यालाही नाही. फार झोपणाऱ्याला नाही, तसाच फार जागणाऱ्यालाही नाही, हे भगवंत अगदी स्पष्ट सांगतात. ज्याचं झोपणं आणि जागणं दोन्ही बेताचं, त्याचाच योग दुःख हरतो. जागरणाचं कौतुक करताना आपण हे श्लोक गुपचूप गाळतो. मीही गाळले. आणि कोटणीस वयाच्या ३२व्या वर्षी, १९४२ साली, तिथेच वारले, हे वाक्य मी पोस्ट लांबतेय म्हणून खोडलं होतं!

पंढरपूर आपल्यापासून एवढं जवळ, पण ही गोष्ट मला उशिराच उमगली. आषाढीच्या आधी विठोबाचा पलंग काढतात. शेजारती बंद, दर्शन चोवीस तास. म्हणजे देवाची नाइट आणि डे दोन्ही सुरू. पण भक्तांनी देवाला नुसतं उभं नाही ठेवलं. पाठीला मऊ लोड देतात. यात्रा सरली की प्रक्षाळपूजा होते, शिणवटा जावा म्हणून देवाला काढा देतात आणि पलंग परत जागेवर येतो. साक्षात पांडुरंगाच्या थकव्याची काळजी करणारी आपली परंपरा. मग एकोणीस वर्षांच्या पोरीच्या थकव्याची का नाही?

हे तिला सांगितलं तर म्हणाली, "विठोबाला अकरा वाजता आईचा फोन येत नसेल."

बरोबर होतं तिचं. आत्या रोज अकराला फोन करते, जेवलीस का विचारायला. नुकता डोळा लागलेला असतो. वर "दिवसाढवळ्या कसली गं झोपतेस" हेही असतं. फोन बंद ठेवावा तर आई घाबरते.

मग मीच आत्याला फोन केला. गीता वगैरे काही काढली नाही, फक्त देवाच्या पलंगाचं सांगितलं. वारी केलेली बाई आहे ती. थोडा वेळ गप्प राहिली, मग म्हणाली, "चारनंतर केला तर चालेल का रे तिला?"