राइट क्लिकचा मेनू आणि भोगोपभोगाची मर्यादा

संगणकावर एखाद्या फाइलवर राइट क्लिक केले की त्या घडीला काय काय करता येईल, याची यादी उघडते. नवे सॉफ्टवेअर बसवले की अनेकदा तेही आपली एक ओळ तिच्यात घुसवते आणि यादी लांबत जाते. ती वापरणाऱ्याने छाटावी का, हा प्रश्न वरवर सोयीचा दिसतो. मुळात तो मर्यादेचा आहे. पर्याय वाढल्याने माणूस मोकळा होतो, की ते आधीच आवरल्याने?

जैन आचारशास्त्राने गृहस्थासाठी हा प्रश्न बारकाईने हाताळला आहे. समंतभद्रांचा 'रत्नकरंड श्रावकाचार' हा दिगंबर गृहस्थधर्माचा प्रमाणग्रंथ भोगोपभोगपरिमाण हे व्रत सांगतो. अन्नासारखा एकदाच वापरता येणारा तो भोग, वस्त्रासारखा पुन्हा पुन्हा वापरता येणारा तो उपभोग. दोन्हींची सीमा आधी ठरवायची. मुदतीची सीमा म्हणजे नियम, जन्मभराची म्हणजे यम.

विंडोजच्या रजिस्ट्रीत, म्हणजे तिच्या सेटिंग्जच्या नोंदवहीतही, अशा पायऱ्या सापडतात. मेनूतल्या ओळीची नोंदच पुसली की ती ओळ जाते. नोंदीत 'लेगसीडिसेबल' नावाची रिकामी व्हॅल्यू घातली की ओळ दडते आणि व्हॅल्यू काढताच परत येते. 'एक्स्टेंडेड' घातली तर शिफ्ट दाबून राइट क्लिक केल्यावरच ती दिसते. पहिली रीत यमाजवळची, दुसरी नियमाजवळची. तिसरीत काही सुटत नाही, फक्त हात क्षणभर थबकतो.

साम्य इथे थांबते. २०२१ मध्ये आलेल्या विंडोज ११ ने हा मेनू आपणहून आखूड केला आणि बऱ्याच ओळी 'शो मोअर ऑप्शन्स'च्या आड ढकलल्या. यादी लहान झाली, पण ते व्रत नव्हे. वापरायला हरकत नसलेल्या विषयापासूनही हेतुपूर्वक दूर होणे, त्याला समंतभद्र व्रत म्हणतात. दुसऱ्याने काढून घेतले तर तो त्याग ठरत नाही. निरुपयोगी ओळ पुसणे हीसुद्धा नुसती साफसफाईच. मात्र व्हीएलसी प्लेअर फोल्डरच्या मेनूत जोडतो ती 'प्ले'ची ओळ विद्यार्थ्याने परीक्षा संपेपर्यंत स्वतः दडवली, तर ते नियमाच्या जवळ जाते.

उलट बाजूचा दोषही याच ग्रंथात आहे. गरजेपेक्षा जास्त साधने जमवणे, म्हणजे अतिप्रसाधन, हा अनर्थदंडव्रताचा, म्हणजे निरर्थक पाप टाळण्याच्या व्रताचा, अतिचार (दोष) मानला आहे. मेनू आटोपशीर करायच्या नादात टूलमागून टूल उतरवणे आणि आयकॉन बदलत बसणे याच सदरात मोडते. तेव्हा यादीत किती ओळी उरल्या यावरून काही ठरत नाही. ओळ कोणी काढली, कशासाठी आणि किती मुदतीसाठी, यावरून ती सोय होती की संयम, हे ठरते.